टपावरचे मोर

पेडगाव
कार्तिक शुद्ध ५ (८ नोव्हेंबर १९३७)

चिरंजीव उमाजीस मुंजाजीमामाचा आशीर्वाद. तुझी आई केवळा, तुझी मामी आन् मी, तिघंबी खुशाल. अक्षर बन्सीधर गुरुजींचं हाय, बोलणं माझं.

तुझी पत्रं श्रावणापासून लय आखडली. दोन ओळी, त्याबी खुशालीच्या. गौरीला आला न्हाईस, दिवाळीला आला न्हाईस. सिकंदराबादच्या कारखान्यात कामाचा रेटा असंल, असं सांगून केवळाची समजूत घालायलोय.

आता नवलाची गोष्ट. जिंतूरच्या माणिकरावांनी हैदराबादेतून एक जुनी लॉरी घेतलीय. परभणी ते जिंतूर माणसं न्यायची सर्विस काढणार हायेत. जुनी बाडी पार कुजलेली, ती काढून टाकली आन् नुसता लोखंडी सांगाडा परवा माझ्या दारात आणून उभा केला. ड्रायव्हर गफूरमियाँ लाकडी खोक्यावर बसून चालवत आला. सोललेल्या बोकडावानी दिसत व्हती गाडी. सारं गाव गोळा झालं.

माणिकराव म्हणाले, "मुंजाजी, तुमची दमणी कोसावरून वळखू येती. नवरी जशी दमणीत निवांत बसती, तशा बायाबापड्या माझ्या मोटारीत बसल्या पायजेत. आन् रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून बघितलं पायजे."

मी हो म्हणालो. चाळीस वर्षं बैलाच्या दमण्या केल्या, आता ही बिनबैलाची. मनात चित्र तयार हाय. सगळं सागवान. खिडक्यांना महिरपी. टप चांगला उंच, फेटा बांधलेला माणूस आत ताठ उभा राहिला पायजे. टपाच्या चारी कोपऱ्यांवर पिसारा फुलवलेले मोर, हातभर उंचीचे. मधी पितळी कळस. टपावर कापसाची गाठोडी ठेवायला कठडा, त्यालाबी वेलबुट्टी.

तू मोटारीच्या बाड्या करतोस. लाकूड लोखंडावर कसं बसवायचं, बोल्ट किती जाडीचे, ते लिहून पाठव. आन् मोरांबद्दल तुझं मतबी कळव. हात माझाच शिकलेला हाय तुझा.

मुंजाजी

*

सिकंदराबाद
१६ नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप मामांच्या पायावर डोकं ठेवून उमाजीचा नमस्कार.

पत्र पोचलं. बोल्टची मापं वेगळ्या कागदावर लिहिलीत. लाकूड आन् लोखंड यांच्या मधी जाड चामड्याची पट्टी घाला, न्हाईतर गाडी कुरकुरते आन् सांधे ढिले पडतात.

संगट बाडीचं चित्रबी धाडलंय. इकडं आता सगळे असंच करतात. बाजू सरळ, वर पत्रा, टप बुटका, रंग एकच. महिरप न्हाई, कळस न्हाई. मोरांबद्दल इचारलंत म्हणून लिहितो, राग धरू नका. मोटारीवर मोर आता कुणी बसवत न्हाई. परवा आमच्या कारखान्यात एका जमीनदाराची मोटार आली, तिला पितळी वाघाची दोन तोंडं बसवलेली. सगळे मेस्त्री हसले. मोटारीची शान तिच्या सरळ रेषेत असते मामा. दमणी ती दमणी, मोटार ती मोटार.

टप बुटकाच ठेवा. टपावर गाठोडी नकोत. चित्र बघून बघून करा.

आईला म्हणावं काळजी करू नको. सध्या यायला जमणार न्हाई.

आपला उमाजी

*

पेडगाव
कार्तिक वद्य ९ (२७ नोव्हेंबर १९३७)

चिरंजीव उमाजीस आशीर्वाद.

तुझं चित्र बघितलं. गुरुजींनी बघितलं. माझ्या दारात बसणाऱ्या चार म्हाताऱ्यांनी बघितलं. एकजण म्हणाला, पेंडीच्या डब्याला चाकं लावलीत काय?

मेस्त्री हसले म्हणतोस. हसू दे. पोळ्याला बैलाच्या शिंगाला बेगड लावली म्हणून बैल जास्त नांगरत न्हाई, हे आमालाबी कळतं. तरी लावतो. का लावतो? त्यो आपला हाय म्हणून लावतो. ही मोटार आमच्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा बघितलीय. ती गुरगुरती, धूर सोडती. बाया लांब सरकतात. त्यांनी तिच्या पोटात पाय ठेवायचा तर तिच्या अंगावर वळखीचं कायतरी नको का? मोर त्यांच्या वळखीचा हाय. तुझी सरळ रेघ कुणाच्या वळखीची?

आन् आमाला काय ताळतंत्र न्हाई असं समजू नको. माणिकरावांना खिडक्यांच्या मधी आरसे पायजे व्हते. मी साफ न्हाई म्हणालो. आरसे लावले की तमाशाची गाडी दिसंल. ते म्हणाले, मंग लाल-पिवळा रंग द्या. तेबी न्हाई म्हणालो. सागवानाला तेल पाजायचं, त्याचा रंग त्यालाच शोभतो. म्हणजे नक्षीलाबी हद्द असती, ती मला कळती. पर तुला वाटायलंय की गावात राहिलेल्या माणसाला हद्द कशी कळणार.

सांगाड्यावर खांब उभे केलेत. टप चढवलाय. तीन मोर झालेत, चौथ्याचा पिसारा चाललाय. गुरुजी म्हणतात, उजवीकडच्या मोराची मान आता वळंल का काय असं वाटतं.

मुंजाजी

*

सिकंदराबाद
४ डिसेंबर १९३७

मामा,

टप चढवला असंल तर उतरवा. खांब हातभर कापा. मोर काढा, कळस काढा, वर कठडा तर मुळीच नको. हे पसंतीचं बोलणं न्हाई.

जमत नसंल तर काम सोडून द्या. दमणी दोन बैलांच्या चालीनं जाती, मोटार पळती. त्यातला फरक तुमाला कळायचा न्हाई. तुमची अक्कल जू आन् धुरीपुरती हाय. चार म्हातारे वाहवा करायलेत म्हणून माणसांचे जीव टांगणीला लावू नका.

इश्वास बसत नसंल तर टपावर ओल्या वाळूची पोती भरा आन् एका बाजूची चाकं बांधावर चढवून बघा. मंग मोराची मान वळती का गाडीची, ते दिसंल.

उमाजी

*

सिकंदराबाद
१७ जानेवारी १९३८

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

दीड महिना झाला, तुमचं पत्र न्हाई. संक्रांतीचं तरी येईल म्हणून रोज टपालवाल्याची वाट बघितली. मी जे लिहिलं, ते भाच्यानं मामाला लिहायचं न्हवतं. पाठीवर काठी मारा, पर गप बसू नका.

काल परभणीकडचा एक व्यापारी कारखान्यात आला व्हता. बोलता बोलता म्हणाला, तिकडं जिंतूरच्या रस्त्यावर नवी लॉरी ओढ्यात गेली म्हणून ऐकलं. कुणाची, किती माणसं, कायबी त्याला मालूम न्हवतं. तवापासून माझ्या हातात हत्यार धरवत न्हाई. आज तार करायला गेलो आन् दारातूनच परत आलो. काय उत्तर येईल याचं भेव वाटलं. म्हणून हे पत्र.

आता खरं लिहितो. मला नक्षी आवडत न्हाई, हे खोटं हाय.

गेल्या श्रावणात इथं एका मालकाच्या लॉरीची बाडी माझ्याकडं आली. पहिलीच, सगळी माझ्या एकट्याच्या हातची. मेस्त्रींना दाखवायचं व्हतं की मी पेडगावच्या मुंजाजीचा भाचा हाय. टप उंच केला. वर सागवानी कठडा, त्यावर मोर. मामा, तुमचेच मोर, जसे तुमी मला शिकवले तसे. सगळ्यांनी वाहवा केली.

पहिल्या फेरीला मीबी बसलो. गाडीवर लिंबाजी नावाचा किन्नर व्हता, म्हणजे सामान चढवणारा क्लीनर, वयानं मोठा, आपल्या सेलूचा. आपल्याकडचा माणूस म्हणून माझी त्याची लय गट्टी. टपावर सामान भरलं, त्यो सामान धरून वर बसला. भोंगीरच्या रस्त्याला एका वळणावर गाडी कलली. सावकाश कलली, पर परत सरळ झाली न्हाई. आतली माणसं खरचटली, वाचली. लिंबाजी खाली सापडला. त्याच्या छातीवर माझा कठडा व्हता.

मालक म्हणाला, नशीब. मेस्त्री म्हणाले, वळण वाईट. मला कुणी बोल लावला न्हाई. तवापासून मी मोर कोरला न्हाई. इतरांनी कोरला तर त्यांना हसतो, म्हणजे ते तरी कोरायचे थांबतील.

तुमचं पहिलं पत्र आलं, तवाच हे लिहायला पायजे व्हतं. तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून फॅशनच्या गप्पा मारल्या.

एक ओळ लिहा मामा. ती लॉरी कुणाची व्हती?

उमाजी

*

पेडगाव
पौष वद्य ८ (२४ जानेवारी १९३८)

चिरंजीव उमाजीस अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच. लॉरी आपलीच व्हती. एकबी माणूस दगावला न्हाई. केवळा खुशाल, मामी खुशाल, मी खुशाल. हे वाचून पाणी पी आन् मंग पुढचं वाच.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं तवा गुरुजी वाचता वाचता अडखळले. मी म्हणालो, वाचा, एक अक्षर गाळू नका. अकलेचं वाचून झाल्यावर मी पत्र घेतलं आन् चुलीत घालायला निघालो. केवळा आडवी आली. म्हणाली, "दादा, ह्या पत्रात माज न्हाई, भेव हाय. त्यो भ्याला की असाच वसकन अंगावर येतो. सहा वर्षांचा असताना हिरीत पडता पडता वाचला, तवाबी मलाच शिव्या दिल्या व्हत्या त्यानं."

मी तिला गप केली. पर दुसऱ्या दिवशी नदीतून वाळू आणायला गाडी जुंपली. मला तुझं म्हणणं खोटं पाडायचं व्हतं.

पोती टपावर चढवली. गफूरमियाँनं उजवी चाकं बांधावर घेतली. मी उजवीकडून दोरखंड लावला व्हता, वीस गडी धरून उभे. अजून बांधाच्या माथ्यावर गाडी पोचली न्हवती, तर वरचं मागलं चाक जमिनीवरून दोन बोटं उचललं. मी खाली वाकून बघितलं. चाकाच्या खालून पलीकडचं गवत दिसत व्हतं. गडी ओरडायलेत, दोरखंड ताणलाय, आन् मी त्या फटीकडं बघत बसलेलो. मामीनं मला मागं ओढलं.

त्याच दिवशी टप उतरवला. खांब हातभर कापले. चारी मोर खाली घेतले. चाळीस वर्षांत केलेलं काम मी स्वतःच्या करवतीनं कधी कापलं न्हवतं. अर्ध्यावर करवत गफूरनं धरली.

माणिकराव आले आन् भडकले. "माझी मोटार बोडकी केलीत तुमी!" मी म्हणालो, "उंच पायजे असंल तर दुसऱ्या सुताराकडं न्या, माझं नाव सांगू नका." लय वाद झाला. शेवटी कबूल झाले. गाठोडी टपावर न्हाई, बाकांच्या खाली.

पौष लागायच्या आत मुहूर्त करायचा म्हणून मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी पहिली फेरी निघाली. सव्वीस माणसं. केवळा आन् मामी पुढच्या बाकावर, मी मागं. बोरीच्या अलीकडं ओढ्याचा उतार लागला. समोरून कडब्याची गाडी. भोंग्याला बैल बुजले आन् आडवे झाले. गफूरनं चाक फिरवलं आन् आपली डावी दोन्ही चाकं खड्ड्यात गेली. गाडी कलली. इतकी कलली की मला खिडकीतून आभाळाऐवजी ओढ्यातले गोटे दिसले. सगळ्यांनी श्वास धरला. गाडीनंबी धरला असावा. मंग हळूच एक हेलकावा आला आन् ती परत बसली.

एकेकाला हात देऊन उतरवलं. गफूर माझ्याजवळ आला, टपाला हात लावून म्हणाला, "उस्ताद, ये टप उंचा रहता तो आज सब गए थे." मी रस्त्याच्या कडंला बसलो. केवळा जवळ येऊन बसली आन् म्हणाली, "आता तरी त्याला पत्र लिही."

लिहिलं न्हाई. खोटं कशाला सांगू. पत्र गुरुजींच्या हातानं जाणार. माझा भाचा बरोबर आन् मी चुकलो, हे त्यांच्यासमोर बोलायला तोंड उघडंना. आज उद्या करत संक्रांत गेली. तू तिकडं जीव मुठीत धरून बसलास, ते माझ्या त्या ताठ्यापायी. ते माझं चुकलं. गुरुजी, हे असंच लिहा.

आता तुझ्या पत्राचं. गुरुजींनी मला एकट्याला वाचून दाखवलं. मंग मी केवळाला सांगितलं. ती रडली, आन् म्हणाली, पोरानं सहा महिने हे एकट्यानं उचललं.

बाळा, मोर मी शिकवला. उंची किती ठेवायची ते मी शिकवलं न्हाई, कारण मलाच ठावं न्हवतं. दमणी कलली तर बैल सावरतात. मोटारीला सावरणारं कुणी न्हाई, हे तुला ठावं न्हवतं, मला न्हवतं, तुझ्या मेस्त्रींनाबी न्हवतं. तेवढ्यानं बोल पुसला जात न्हाई. पर त्यो सगळा तुझ्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नको. अर्धा माझ्याकडं दे.

मोर मी फेकले न्हाईत. दाराच्या दोन्ही अंगाला, पायरी चढताना हात जातो तिथं, दोन मोर बसवले. पिसारे काढून नुसत्या माना ठेवल्या, मुठीत येतील अशा गोल. म्हाताऱ्या बाया त्या मानेला धरून वर चढतात. परवा एक म्हातारी मोटारीत चढंना. मोर बघितला, हात लावला आन् चढली. दोन आतल्या बाकांच्या कडंला हायेत. सरळ रेघ तुझी, मान माझी. माणिकराव आता येईल त्याला सांगायलेत की ही कल्पना त्यांची!

एकच इचारतो. लिंबाजी सेलूचा म्हणतोस. त्याच्या घरी जाऊन कुणी सांगितलं? मालकानं निरोप धाडला असंल. पर गाडीत तू व्हतास. तिथं त्याचं कोण असंल ते तुझी वाट बघत असंल, त्यांना ठावं नसलं तरी.

सुट्टी काढ. पेडगाव आधी लागतं, पर तू उतरू नको. आधी सेलूला जा.

मुंजाजी

*

सेलू
१० फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप मामांना आन् आईला साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तवा मी कारखान्यात व्हतो. पहिल्या चार ओळी वाचल्या आन् तिथंच रंद्याच्या भुशात बसलो. मेस्त्रींना वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हणालो, न्हाई, सगळे हायेत. तेच सांगताना रडायलो, म्हणून त्यांना खरं वाटंना. त्यांनीच सुट्टी दिली.

आज सकाळी आगगाडी पेडगावला थांबली. मी खिडकीतून बघितलं. उतरलो न्हाई.

सेलूला लिंबाजीचं घर सापडायला वेळ लागला न्हाई. त्याची बायको चतुराबाई जिनिंगात कापूस निवडायला जाती. शेजारणीनं मला तिथं नेलं. दुपारची सुट्टी झाली व्हती, बाया भिंतीच्या सावलीला भाकरी सोडून बसलेल्या. चतुराबाई माझ्या आईच्या वयाच्या असतील. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. मी नाव सांगितलं. म्हणालो, त्या लॉरीची बाडी मी केली व्हती, टप मी उंच केला व्हता, आन् ते गेले तवा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं.

बाकीच्या बाया उठून लांब जाऊन बसल्या. मंग चतुराबाईंनी इचारलं, "पाणी मागितलं का त्यांनी?"

म्हणालो, मागितलं. एका बाईच्या तांब्यातलं मी पाजलं. दोन घोट गिळले, तिसरा सांडला.

"पिले म्हणायचं." त्यांनी डोळे मिटले. मंग म्हणाल्या, "मालकाचा माणूस आला व्हता. गाडी पडली, गेला, एवढंच बोलून गेला. सहा महिने मला वाटायचं, रस्त्यात पडून पाणी पाणी करत गेले असतील. पाणी प्यायला घेतलं की तेच दिसायचं."

मी तुमालाबी लिहिलं न्हवतं मामा, ते तिथं सांगितलं. लिंबाजीनं आधी इचारलं, आतली माणसं निघाली का. मी म्हणालो, सगळी निघाली. मंग पाणी. मंग म्हणाला, "सेलूला कळव." मी हो म्हणालो व्हतो. आन् कळवलं न्हाई. सहा महिने हीच गोष्ट टोचत व्हती, टपापेक्षा जास्त.

चतुराबाई म्हणाल्या, "टपावर ते रोजच चढायचे. तू कुणाला ढकललं न्हाईस. पर उंच केलास ते खरं हाय, त्याला मी न्हाई म्हणणार न्हाई." मंग म्हणाल्या, "आता करू नको."

मी म्हणालो, न्हाई करणार. मामांनीबी कापला. मंग त्यांना बोरीच्या ओढ्याची गोष्ट सांगितली, सव्वीस माणसांची. त्यांनी परत परत इचारून ऐकली. बाया किती व्हत्या, लेकरं व्हती का, कुणाला लागलं का. सगळी उतरली म्हणालो तवा त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

भोंगा झाला. कामावर जायची वेळ. त्यांनी भाकरीचं फडकं माझ्यापुढं सारलं, म्हणाल्या, "जेवलास का? मला आता घास जाणार न्हाई, तू खा." आन् उठून आत गेल्या.

ज्वारीची भाकरी, वर तिळाची चटणी, कडंला कांदा. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो आन् सगळी खाल्ली. श्रावणापासून जेवतो म्हणून जेवत व्हतो मामा, आज भाकरीची चव कळली.

उद्या सकाळच्या गाडीनं पेडगावला उतरतो.

उमाजी